आपलंच शेत समजा

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत पाऊस रुसला तो रुसलाच. मे कोरडा गेला, जून तसाच, आणि जुलै उजाडला तेव्हा क्रॅनबरी गावाच्या अंगाची माती भाजलेल्या पिठासारखी पायाखालून उडायला लागली. गावातल्या लोकांना गाड्या धुवायला आणि लॉनवर पाणी मारायला बंदी झाली. त्यांची हिरवळ पिवळी पडली, एवढंच त्यांचं नुकसान. उत्तराची भेंडी वाळत होती.

सकाळी ती बांधावर येऊन उभी राहिली आणि आधी कुठे बघावं तेच तिला कळेना. तळ्यावरचा पंप कालपासून नुसता खोकत होता. गवारीचे शेंडे हरणांनी खुडून नेले होते. मिरचीच्या सऱ्यांत तण मांडीला लागत होतं. अळूची पानं कडेने करपली होती. आणि लाल माठ, जो आज एडिसनला चारुदत्तच्या दुकानात जायचा होता, तो काल रविवारी पाहुण्यांनी मुळासकट उपटून नेला होता. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, असं तिची आई म्हणायची. आईला निदान आभाळ तरी ओळखीचं होतं.

जमीन वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याची, खंडाने घेतलेली. उत्तराचा नवरा श्रीरंग मेकॅनिकल इंजिनियर. पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याची चांगली नोकरी होती. मंदीत कारखान्याला टाळं लागलं आणि तो घरी बसला. अर्ज करून करून बोटं झिजली, तेव्हा उत्तरा म्हणाली होती की मला एक काम येतं, ते करून बघू. ती वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. एडिसनच्या दुकानांत भेंडी यायची ती फ्लोरिडाहून, जून झालेली, वाकवली तर मोडण्याऐवजी चिंबणारी. हिने ताजी भेंडी, हिरवी मिरची, अळू नेऊन दिलं आणि पहिल्या दोन वर्षांत दुकानदार तिच्या गाडीची वाट बघायला लागले. तिसऱ्या वर्षी हे असं.

त्याच सकाळी वॉल्टरचा पिकअप ट्रक बांधाशी थांबला. म्हातारा सत्तरीचा, कमरेत वाकलेला, बोलायला अतिशय कंजूष. त्याने शेतावर एक नजर फिरवली, मिरचीच्या सरीत शिरला, कमरेवर हात ठेवून कष्टाने वाकला आणि एक रोप उपसून आणून उत्तराच्या पायाशी ठेवलं, मुळं वर करून. ते तण होतं. उत्तराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या वडिलांनी, आबांनी, कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, पण उगारला असता तर असंच वाटलं असतं.

मग तो जे बोलला ते थोडक्यात असं. टाउनहाउस बांधणारे लोक त्याला वर्षभर फोन करतायत. मुलगे टेक्ससला, त्यांना शेतीत रस नाही. इतके दिवस तो नाही म्हणत आला, पण आता रस्त्याने जाणारे शेजारी विचारतात की तुझ्या बापाच्या शेताला काय झालं.

"तण बी धरायच्या आत काढा," तो म्हणाला. "लेबर डेला येऊन बघेन. शेत शेतासारखं दिसलं तर तुमचं. नाहीतर मी त्यांना सही देतो."

ट्रक गेला. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. उत्तरा ते तण हातात घेऊन घरापर्यंत चालत आली.

संध्याकाळी श्रीरंग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकं धरून बसला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून उत्तराच्या भावाचा, गिरीशचा, दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी तो एकच सांगायचा. काय यार भाऊजी, भेंड्या काय विकता, इकडे या, माझ्या कंपनीत जागा आहे, वरची खोली रिकामी आहे. दीपाला, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला, ही कल्पना फार आवडली होती. शाळेच्या बसमधून पोरांनी तिच्या आईला डोक्याला टॉवेल गुंडाळून सरीत बसलेलं पाहिलं होतं, तेव्हापासून तर जास्तच.

"ॲट लीस्ट देअर्स अ मॉल," दीपा म्हणाली.

श्रीरंग म्हणाला की एक आठवडा जीव तोडून सगळं एकदम करू, आणि नाही जमलं तर गिरीशला हो सांगू. त्याच्या आवाजातलं 'हो' उत्तराला 'करू'पेक्षा मोठं ऐकू आलं. तिला फ्रीमाँटला जायचं नव्हतं. भावाच्या घरी माडीवर राहून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधत बसायचं नव्हतं. या तीन वर्षांत तिच्या हाताला पुन्हा घट्टे पडले होते आणि ते तिला आवडत होते, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगने खरंच सगळं एकदम काढलं. होते तेवढे पाइप जोडले, सगळे फवारे लावले आणि कसाबसा चालू केलेला पंप त्यावर सोडला. मग मिरचीत तण काढायला घेतलं, ते अर्धं टाकून हरणांसाठी तार बांधायला धावला, तार अर्धी सोडून गवारीवर औषध मारायला. दुपारी बघतात तर प्रत्येक फवाऱ्याच्या तोंडाला एखाद्या म्हाताऱ्याच्या नाकाला लोंबावा तसा एक एक थेंब. एक ना धड, भाराभर चिंध्या. पंपाने शेवटची उबळ दिली आणि तो गप्प झाला. श्रीरंगने हातातला पाना तळ्याच्या कडेला चिखलात फेकला आणि तिथेच फतकल मारून बसला. त्याची मान उन्हाने लालबुंद झाली होती आणि डोळे भरून आले होते.

उत्तरा त्याच्या शेजारी बसली. तिला आबा आठवले. ती लहान असताना उसाला दारं धरायला आबांबरोबर जायची. पाटाचं पाणी एका वाफ्यात घ्यायचं, तो भरला की फावड्याने माती ओढून तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. एकदा घरी लवकर जायचं म्हणून तिने पाच-सहा वाफ्यांची तोंडं एकदम फोडली. पाणी सगळीकडे गेलं आणि कुठेच पोचलं नाही. आबा रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "पोरी, पाण्याला एका वक्ताला एकच तोंड दे. भिजलं की बुजव, मग फुडचं बघ."

"अहो," ती म्हणाली, "आज फक्त पंप. बाकी कशाकडे बघायचं नाही."

"आणि हरणं? तण?"

"ती कुठे जात नाहीत. आज पंप."

श्रीरंगने पाना उचलला. पंप म्हणजे त्याच्या घरचं काम होतं. आयुष्यभर त्याने कागदावर पंपच काढले होते. इतक्या गडबडीत त्याने पंप नीट पाहिलाच नव्हता, हे त्याचं त्यालाच कळलं. पंप ठणठणीत होता. तळं आटलं होतं आणि पाण्यात सोडलेला नळ उघडा पडून हवा ओढत होता. तो कमरेइतक्या चिखलात उतरला, नळाला पुढे तुकडा जोडला, टोकाच्या जाळीतलं शेवाळ नखांनी काढलं आणि टोक खोलात नेऊन एका जुन्या टायरवर टेकवलं, म्हणजे गाळात रुतायला नको. उत्तरा काठावरून दोर धरून होती. अंधार पडायच्या आत पंपाने भक्कन पाणी टाकलं. श्रीरंग वर आला तेव्हा त्याच्या बनियनला जळवा चिकटल्या होत्या आणि तो हसत होता, कितीतरी महिन्यांनी.

पाणी आलं, पण तळं काही वाढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीचं काम एवढंच, की हे पाणी कुणाला द्यायचं ते ठरवायचं. उत्तराने शेतातून फेरी मारली. भेंडी, मिरची आणि तळ्यालगतचा अळू जगवता येईल. गवार सोडायची. आणि पलीकडचा दुधीही सोडायचा. दुधीसाठी श्रीरंगने मांडव घातला होता, मापात कापलेल्या खांबांचा, प्रत्येक सांध्याला बोल्ट लावलेला. आल्यागेल्याला तो आधी मांडव दाखवायचा.

"दुधी नको सोडू," तो म्हणाला. "थोडं थोडं सगळ्यांना देऊ."

"थोडं थोडं दिलं तर सगळीच मरतील. बघितलंत ना काल."

त्याने एकदा मांडवाकडे बघितलं. मग स्वतःच गेला आणि दुधीकडे जाणारा पाइप काढून आणला. उत्तराला त्याच्या पाठीकडे बघवेना. तिने फावडं घेतलं, फवारे बाजूला ठेवले आणि भेंडीच्या पहिल्या सरीला पाइपचं उघडं तोंड लावलं. सरी टोकापर्यंत गच्च भिजली, मग दुसरी. अनवाणी पायांना गार चिखल लागला तेव्हा तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

पुढचे दिवस असेच गेले, एकेका कामाचे. दारं धरून झाली, तळ्यापासून अळूकडे लहानसा पाट काढून झाला, मग हरणं. वॉल्टरनेच एकदा सांगितलं होतं की साबणाच्या वासाला हरीण बिचकतं. दीपाने तोंड वाकडं करत वासाच्या साबणाच्या वड्या जुन्या मोज्यांत भरल्या आणि कुंपणाला टांगल्या. "धिस इज सो वीअर्ड, आई," असं म्हणत तिने पूर्ण कुंपण पुरं केलं. हरणं अगदीच थांबली असं नाही, पण मिरचीपर्यंत येईनाशी झाली.

राहिलं तण. आणि इथे उत्तराचा हिशोब अडला. दोघं पहाटेपासून खुरपायला बसत. उत्तराचे गुडघे सुजले, श्रीरंगच्या तळहातांवर फोड आले, फुटले, पुन्हा आले. एक सरी साफ करून पुढे जावं तर मागची हिरवी होऊ लागे. पाणी पिकाला मिळत होतं तसं तणालाही मिळत होतं. तिघांच्या हातांनी हे होणारं नव्हतं. मजूर परवडण्यातले नव्हते. आणि रविवार जवळ आला होता.

रविवारची गोष्ट सांगायलाच हवी. दीड वर्षापूर्वी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी चेष्टेने म्हणालं होतं की आपला इंजिनियर भाजीवाला झाला. श्रीरंगला ते लागलं. त्याने माइक हातात घेतला आणि छाती काढून सांगितलं, की होय, झालो, आणि शेत आपलंच समजा, कधीही या. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मराठी माणूस असं म्हणतो तेव्हा समोरच्याने हसून 'येऊ की' म्हणायचं आणि यायचं नसतं. पण परक्या मुलुखात बारा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसांना मातीची इतकी ओढ लागली होती, की ती सगळी खरोखर आली. दर रविवारी गाड्यांची रांग. मुलं सऱ्यांतून पळणार, बायका कोवळी भेंडी निवडून पिशव्या भरणार, उत्तरा सगळ्यांना पिठलं-भात करून वाढणार, आणि सोमवारी दुकानात न्यायला जून भेंडी उरणार. भीड ही भिकेची बहीण, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आपल्या माणसांना नको कसं म्हणायचं, आणि पैसे तर कुठल्या तोंडाने मागायचे?

शनिवारी उत्तरा हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि होती तेवढी खुरपी, लहान कुदळी आणि कापडी हातमोजे घेऊन आली. ते बघून श्रीरंगचा चेहरा उतरला.

"लोकांना काय वाटेल? मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, उत्तरा."

"तुमचा शब्द मी मोडत नाही," ती म्हणाली. "पाळते आहे. आपलंच शेत समजा म्हणालात ना? मग समजू द्या."

रविवारी सकाळी ती फाटकाशी खुरप्यांची पाटी घेऊन उभी राहिली. साडी तिने मुद्दाम नेसली होती, काष्टा मारून, आई नेसायची तशी. पहिली गाडी पद्मजाकाकूंची. काकू मंडळाच्या अध्यक्ष, पुण्याच्या, वयाने आणि मानाने मोठ्या. त्यांच्या हातात घडी केलेल्या पिशव्या होत्या. मागोमाग डॉक्टर राजीव आणि त्याची बायको सुमेधा, आणखी चार-पाच कुटुंबं. सगळी जमेपर्यंत उत्तरा थांबली.

"आमच्याकडे इर्जिक असते," ती म्हणाली. "एकाचं काम अडलं की गाव त्याच्या शेतावर येतं, दिवसभर राबतं, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. पैसे कुणी कुणाला देत नाही. आमचं काम अडलंय. लेबर डेच्या आत तण निघालं नाही तर ही जमीन जाईल. आज इर्जिक आहे. जेवण माझ्याकडे."

दूर हायवेवरून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"अगं, पण आम्ही पाहुणे आहोत," पद्मजाकाकू म्हणाल्या. "फोनवर सांगायचंस तरी. मी माझे चांगले सँडल घालून आलेय."

"काकू, तुम्ही सावलीत बसा. पण आज पिशव्या भरायच्या नाहीत."

काकूंचा चेहरा आक्रसला. पिशव्या पर्समध्ये ठेवल्या, गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोन गाड्या वळल्या. श्रीरंगने मान खाली घातली. उत्तराला वाटलं की झालं, आता मंडळात तोंड दाखवायला जागा नाही, आणि जमीन जायची ती जाणारच.

डॉक्टर राजीव मात्र पाटीवर वाकला होता. माणसांची हृदयं उघडून शिवणारा हा माणूस खुरपं उलटसुलट करून बघत होता.

"आमच्या आजोबांकडे होतं असं, काटोलला," तो म्हणाला. "मला धरू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू अभ्यास कर." त्याने घड्याळ काढून सुमेधाच्या हातात दिलं आणि पँट दुमडायला लागला. "चला वहिनी, कोणती सरी माझी?"

"माझी पण दाखवा," सुमेधा म्हणाली आणि घड्याळ गाडीत ठेवून आली.

उत्तराने प्रत्येकाला एकच सरी दिली आणि सांगितलं की दुसरीकडे बघायचं नाही, आपली संपवायची. सुरुवातीला तणाबरोबर मिरचीही उपटली गेली. राजीवने तर एक अख्खं रोप हातात धरून विचारलं, की हे काय आहे, आणि त्याला मिरच्या लागलेल्या होत्या. मग हसू फुटलं आणि ते सरीसरीतून पुढे गेलं. उन्हं चढली तशी चेष्टा कमी झाली आणि खुरप्यांचा आवाज वाढला. कुणाची कंबर धरली, कुणी पाण्यासाठी उठला तो परत येऊन बसला. दुपारी श्रीरंगने वाळलेल्या दुधीच्या मांडवावर ताडपत्री ओढली आणि त्याखाली पंगत बसली. दुधी मेला होता, पण मांडव हलत नव्हता. राजीवने खांबाला हात लावून विचारलं की हा इतका पक्का कसा केला, तेव्हा श्रीरंग वाढता वाढता थांबला आणि बोल्टविषयी इतकं बोलला, की पिठलं गार झालं. उत्तराने ठेचा आणि तांदळाची भाकरी केली होती. मातीच्या हातांनी माणसं अशी जेवली की भाकरी कमी पडली आणि तिला पुन्हा चूल, म्हणजे गॅसची शेगडी, पेटवावी लागली.

पुढच्या रविवारी गाड्या कमी आल्या, पण आली ती माणसं जुने बूट घालून आली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा वाढल्या. काम झालं की उत्तरा स्वतः प्रत्येकाला ओंजळभर भेंडी द्यायची, आणि ती घेताना माणसं आता संकोचायची. सोमवारी दुकानाची खोकी भरलेली जायला लागली. ऑगस्टच्या शेवटी पद्मजाकाकू आल्या. पायात कॅनव्हासचे बूट होते. झाल्या प्रकाराबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, उत्तराही बोलली नाही. काकूंनी मिरचीची सरी घेतली आणि दिवसभर मान वर केली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, की तुझा ठेचा जरा जास्तच तिखट असतो.

लेबर डेला सुट्टी होती, म्हणून सगळी आली. वॉल्टरचा ट्रक आला तेव्हा रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग होती आणि शेतात ओळीने वाकलेल्या पाठी. त्याने श्रीरंगला विचारलं की एवढे मजूर कुठून आणले. श्रीरंगने सांगितलं की ते डॉक्टर आहेत, ते बँकेत आहेत, त्या शाळेत शिकवतात. म्हाताऱ्याने टोपी मागे सारून बराच वेळ बघितलं. मग तो सऱ्यांतून चालत निघाला. उत्तरा दहा पावलं मागे. तिचे गुडघे ठणकत होते.

मिरचीतून तो सरळ गेला. भेंडीतून गेला. गवारीच्या आणि दुधीच्या मोकळ्या तुकड्याशी थांबला. तिथे पीक नव्हतं, पण माती उकरून साफ केलेली होती. अळूच्या टोकाशी, पाटाच्या काठाला, तो कमरेवर हात ठेवून वाकला आणि त्याने एक तण उपसलं. उत्तराने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारा ते तण आपल्या शर्टाच्या खिशात कोंबत होता.

"पुढच्या वर्षी इकडचा पाट थोडा खोल करा," तो म्हणाला, आणि मांडवाखालून भाकरीचा वास येत होता त्या दिशेने चालू लागला.

त्या संध्याकाळी फ्रीमाँटहून फोन आला. गिरीशला उत्तर हवं होतं, त्याची जागा जास्त दिवस थांबणार नव्हती. श्रीरंगने रिसीव्हर कानाला लावला, उत्तराकडे बघितलं. ती टेबलाशी बसून दीपाकडून पायातला काटा काढून घेत होती. दीपा 'होल्ड स्टिल, आई' म्हणून तिला दटावत होती.

"नाही येत आम्ही," श्रीरंग म्हणाला. "अरे, तूच ये ना इकडे. येऊन तर बघ. शेत आपलंच समज."

उत्तराने मान वर केली. श्रीरंगने तिच्याकडे बघत घसा साफ केला.

"आणि हे बघ गिरीश," तो म्हणाला, "येताना जुने बूट घेऊन ये."